पुढच्या चाकाचा आवाज

मोटारगाडीच्या पुढच्या बाजूने नवा आवाज येऊ लागला की ड्रायव्हर तक्रारवहीत लिहितो, 'पुढून आवाज येतो'. दुसऱ्या दिवशी त्याखाली शेरा पडतो, 'तपासले, दोष नाही'. या दोन ओळींवरून झालेली कितीतरी भांडणे आम्ही संघटनेच्या कामात सोडविली आहेत. गंमत अशी की, पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. ड्रायव्हरने तो आवाज भरलेल्या गाडीत, घाटाच्या वळणावर ऐकलेला असतो. मिस्त्री तीच गाडी रिकामी करून आवारात ऐकतो.

तेव्हा गाडी खोलण्यापूर्वी आवाज केव्हा येतो हे विचारावे. कोठून येतो हे मागाहून. लोखंडी सांगाड्यातून आवाज असा धावतो की, उजव्या चाकाचा तो डाव्या पायाखाली वाटतो.

गाडी उभी ठेवून इंजिन नुसते रेस केले आणि तोच आवाज आला, तर चाकांना दोष देण्याचे कारण नाही. गाडीच्या वेगाबरोबर जात्यासारखी घरघर वाढत असेल, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय धरावा. मग वळण कामी येते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळी घरघर वाढली, तर बहुधा उजवे बेअरिंग गेले. टायर वेडेवाकडे झिजले असले तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी टायरवरून हात फिरवून पाहावा. खड्ड्यात 'खट्' वाजत असेल, तर पाट्यांच्या पिना व बुश पाहावेत, यू-बोल्ट आवळून पाहावेत. मुख्य पाटा तुटला असेल, तर गाडी बहुधा त्या बाजूला कललेली दिसते. हल्लीच्या लहान मोटारींत इंजिन पुढचीच चाके ओढते. तेथे स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना 'कट्कट्' वाजले, तर अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचे रबर फाटून ग्रीस गेलेले सापडेल.

एक जुनी परीक्षा मात्र नीट सांगावयास हवी, कारण ती घाईत अर्धीच केली जाते. बसचे किंवा ट्रकचे पुढचे चाक जॅकवर उचलावे, खाली भक्कम ठोकळा द्यावा, आणि चाक वर-खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला, तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. आता ढिलेपणा नाहीसा झाला, तर तो बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला, तर किंगपिनचा. ब्रेकने चाक आपल्या आसाशी जखडले जाते आणि बेअरिंगची हालचाल थांबते. किंगपिन त्याच्या मागे असल्याने ती हलतच राहते. चाक आडवे धरून हलविले असता ढिले लागले, तर टाय रॉडचे टोक पाहावे. ते निखळले की स्टिअरिंग हातात राहते आणि चाक आपल्या मनाने जाते.

एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम पाहावे. धोकादायक दोष माहीत असताना, किंवा साधारण काळजी घेतली असती तर तो कळला असता अशा स्थितीत, जो गाडी चालवितो तो जबाबदार. आणि जो चालवू देतो तोही. अपघातानंतर पहिल्याला शोधावे लागत नाही, तो स्टिअरिंगपाशीच असतो. दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास कागद लागतो, आणि 'पुढून आवाज येतो' एवढा कागद फार तोकडा पडतो.

म्हणून आम्ही ड्रायव्हर मंडळींना सांगतो, असे लिहा: 'गाडी भरलेली असता, सुमारे ४० च्या वेगावर, डाव्या वळणावर घरघर वाढते; ब्रेक लावल्यास फरक नाही.' खाली तारीख, वेळ आणि सही. आणि व्यवस्थापनाकडे आमची मागणी एवढीच की, असा मजकूर आल्यास मिस्त्रीने भार घातलेल्या गाडीत, त्याच रस्त्याने बसून जावे. त्यात त्याचा अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस कामाचा धरावा यावरच अजून आमची घासाघीस चालू आहे.