मळीची टाकी : धोका ओळखा, जीव सांभाळा



टनभर ऊस गाळला की साधारण 40 किलो मळी निघते. ती पोलादी टाक्यांत साठते आणि तिचा पैसा अखेर आपल्या उसाच्या दरातच येतो. म्हणून या टाकीविषयी आम्ही चार गोष्टी सांगत आहोत.

मळी पाण्याच्या सुमारे 1.4 पट जड, त्यामुळे तळाकडच्या पत्र्यावर ताण फार. 15 जानेवारी 1919 रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी अशी टाकी फुटून 21 माणसे दगावली.

दुसरा शत्रू उष्णता. मळी 40-45 अंशांवर चढली की आपोआप तापून फेसाळण्याचा धोका. म्हणून ती पंपाने फिरवायची, पत्र्यावर बाहेरून पाणी सोडायचे. आत मात्र थेंब नको. पाण्याने मळी आंबते व कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू हवेहून जड, रिकाम्या टाकीच्या तळाशी साचतो. दिसत नाही, वास नाही. उतरलेला माणूस कोसळतो, वाचवायला गेलेलाही तिथंच पडतो.

आपलीच पोरं कारखान्यावर कामाला आहेत. त्यांना बजावून सांगा : आतली हवा तपासल्याशिवाय, कमरेला दोर अन् वर राखणीला माणूस असल्याशिवाय, कुणीही सांगो, टाकीत उतरायचं नाही.

– ऊस विकास अधिकारी