घानातून आणलेली प्रत

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये उद्भवलेल्या ‘नॉटपेट्या’ नामक संगणकीय उपद्रवाने काही तासांतच डेन्मार्कच्या मर्स्क या बलाढ्य नौवहन कंपनीचा जगभरचा कारभार ठप्प केला, आणि तिच्याच समूहाकडे असलेल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले.

हा उपद्रव रॅन्समवेअरच्या रूपात आला होता. रॅन्समवेअरची रीत अशी की, दप्तरातील दस्तऐवज जागच्या जागी कूटलिपीत रूपांतरित करावयाचे, त्यांची किल्ली हल्लेखोराने स्वतःजवळ ठेवावयाची आणि मुदत घालून, बहुधा बिटकॉइनच्या रूपाने, खंडणी मागावयाची. अलीकडे दस्तऐवज आधी चोरून ते जाहीर करण्याची धमकीही देतात. नॉटपेट्यानेही ३०० डॉलर मागितले खरे. परंतु त्याची किल्ली मिळण्याची सोयच नव्हती, कारण खंडणीच्या मिषाने विध्वंस हाच त्याचा हेतू होता. पैसे भरले म्हणजे सुटका झाली, ही समजूत म्हणूनच घातक होय.

मर्स्कच्या जाळ्यात कोणास कोठे प्रवेश द्यावा याची नोंद राखणारे सुमारे १५० सर्व्हर होते. प्रत्येकाजवळ तीच नोंद असल्याने एक गेला तरी दुसरा आहे, असा भरवसा होता. पण ते सारे परस्परांशी जोडलेले असल्यामुळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो घानातील एकच, आणि तोही कोणाच्या दक्षतेमुळे नव्हे, तर हल्ल्यापूर्वी वीज गेल्याने तो जाळ्यापासून तुटला होता म्हणून! पुनर्रचनेसाठी ती नोंद इंग्लंडला न्यावयाची होती, पण घानातील कर्मचाऱ्याजवळ ब्रिटनचा व्हिसा नसल्याने त्याने नायजेरियाच्या विमानतळावर सहकाऱ्याच्या हाती ती नोंद असलेली हार्ड डिस्क दिली, आणि ती इंग्लंडला पोहोचल्यावर पुनर्रचनेचा मार्ग मोकळा झाला. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

जी तजवीज तेथे योगायोगाने झाली, ती आपण हेतुपुरस्सर केली पाहिजे: छोट्या दवाखान्यानेही आपल्या दप्तराची एक प्रत संगणकापासून वेगळी, तार काढून ठेवावी आणि ती खरोखर उघडते की नाही याची अधूनमधून खातरजमा करावी. संगणकप्रणालीच्या सुधारणा (अपडेट) वेळेवर बसवाव्यात, अनोळखी ई-मेलमधील जोडपत्रे उघडू नयेत, हे आहेच. मात्र नॉटपेट्या एका हिशेबी प्रणालीच्या अधिकृत सुधारणेतूनच शिरला होता, हे लक्षात घेतले म्हणजे वेगळ्या प्रतीचे महत्त्व पटते.

हल्ला झालाच, तर संगणक तत्काळ जाळ्यातून सोडवावा आणि १९३० या सायबर-गुन्हे मदतक्रमांकावर किंवा पोलिसांत फिर्याद नोंदवावी. युरोपीय पोलिसांच्या सहभागाने २०१६ पासून चालणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अनेक प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. तेथे आज हवी ती किल्ली नसली, तरी कूटबद्ध झालेल्या फायली पुसून टाकू नयेत, कारण ती पुढे कधीतरी उपलब्ध होऊ शकते.