सावित्रीबाईंचं ‘डी.एड.’ आणि स्कॉटलंडचे पाद्री



३ जानेवारीला आमच्या वर्गात सावित्रीबाईंवर भाषणं झाली. एका मुलीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं.” मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, तुमच्यासारखं डी.एड.? कुठल्या कॉलेजात?” मी सांगितलं, तेव्हा डी.एड. कॉलेज नव्हतं, मिशनच्या बाईंकडे शिकल्या. लगेच उत्तनहून येणारा एक मुलगा म्हणाला, “मिशन म्हणजे चर्च ना? मग आमच्याच चर्चचे ते!”

नाही, ते त्यांच्या चर्चचे नव्हते. पण हे मला त्या वेळी धड समजावता आलं नाही. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाबांनी विचारलं, “मॅडम, मिशनरी तर धर्म बदलायला आले होते. हे मुलांना सांगायची काय गरज?” प्रश्न रागाने विचारला नव्हता, काळजीने विचारला होता. त्यांना दोन ओळींत उत्तर देणं मला पटलं नाही, म्हणून हा लेख.

आधी उत्तनच्या मुलाचा प्रश्न घेऊ. आपल्या मीरा-भाईंदरच्या पश्चिमेची उत्तन, डोंगरी ही गावं आणि पुढे वसईचा पट्टा इथली चर्च पोर्तुगीज काळापासूनची. पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये वसई घेतली, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती परत घेतली. ही परंपरा कॅथलिक, म्हणजे वर पोप, खाली बिशप, मग फादर. सावित्रीबाईंच्या शिक्षणात ज्यांचा हात होता ते आणखी शेकडा वर्षांनी, अगदी वेगळ्या देशातून आले. स्कॉटलंडमधून. त्यांचा पंथ प्रेसबिटेरियन.

शब्द जडच आहे. ग्रीक भाषेत ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वडीलधारा माणूस. या पंथात बिशप नसतो. मंडळीतले सभासद आपल्यातूनच ‘वडील’ निवडतात. हे वडील आणि पाळक मिळून मंडळीचा कारभार बघतात. अशा अनेक मंडळ्यांच्या प्रतिनिधींची मिळून प्रेसबिटरी होते, तिच्यावर सिनॉड, सगळ्यात वर जनरल असेंब्ली. मुलांना मी असं सांगते: एका वर्गात मॉनिटर मुख्याध्यापक नेमतात, दुसऱ्या वर्गात मुलं हात वर करून निवडतात. दुसऱ्या वर्गासारखं हे चर्च. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या धर्मसुधारणेपासून ही पद्धत रुजत गेली.

आता यातली शिक्षकांना रस वाटेल अशी गोष्ट. ज्या पंथात सामान्य माणसाने स्वतः बायबल वाचायचं आणि वडील म्हणून निर्णयही घ्यायचे, तिथे माणूस निरक्षर राहून चालत नाही. म्हणून स्कॉटलंडमध्ये चर्चच्या प्रत्येक विभागात एक शाळा हवी असा आग्रह होता. हेच लोक परदेशात मंडळी उभी करायला निघाले, तेव्हा शाळा त्यांच्यासोबतच आली. मंडळी स्थापन करणं म्हणजे नुसती घंटा बांधलेली इमारत उभी करणं नव्हे. तिथल्या लोकांनी बाप्तिस्मा घ्यायचा, त्यांच्यातूनच वडील निवडायचे, पुढे पाळकही त्यांच्यातलाच हवा. तेव्हा कुठे मंडळी ‘रुजली’ म्हणायची.

ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते, कारण लोक बिथरले तर व्यापार बुडेल. १८१३ च्या सनदी कायद्यानंतर वाट मोकळी झाली. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल मुंबईत उतरले आणि कोकणात बाणकोटला गेले. त्याच वर्षी ते वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै इथे तळ ठोकला, मराठी शिकले, आसपासच्या गावांत शाळा काढल्या. शाळेत शिकवायला गावचेच पंतोजी. मुलं यायची, अक्षरं गिरवायची, हिशेब शिकायची आणि घरी जायची. मंडळी काही उभी राहीना! शेवटी मिशनचं बस्तान पुण्या-मुंबईकडे हललं. जॉन स्टीव्हनसन यांनी तर मराठी व्याकरणावर पुस्तकही लिहिलं.

जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये आले, तेही आधी हर्णैला मराठी शिकायला. मग मुंबईत. मार्गारेटबाईंनी लगेच मुलींच्या शाळा सुरू केल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपलं मूळ त्यांच्या कामात सांगते. १८३५ मध्ये, जेमतेम सहा वर्षांत, त्या इथेच वारल्या. १८३१ मध्ये विल्सन यांनी मुंबईत प्रेसबिटेरियन पद्धतीची एक अगदी लहान मंडळी स्थापन केली. १८३२ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज झालं.

ते बाबा म्हणतात ते खरं आहे का? खरं आहे. विल्सन धर्मप्रसारासाठीच आले होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांनी जाहीर वादसभा घेतल्या. मोरभट दांडेकरांनी त्यांना उत्तर म्हणून १८३१ मध्ये हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिलं, विल्सन यांनी त्याचं खंडन छापलं. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते आणि ऐकायला लोक जमत होते. विल्सन यांची भाषा आपल्या देवादिकांबद्दल अनेकदा बोचरी असे, हेही सांगायला हवं. मला ती वाचवत नाही. पण वाद छापील पुस्तकांनी आणि भर सभेत झाले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आता खरा नाजूक भाग, जो शिक्षक म्हणून मला झोंबतो.

१८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज हादरला. प्रकरण कोर्टात गेलं. धनजीभाई स्वतःचा निर्णय घेण्याच्या वयाचे आहेत असं ठरलं आणि त्यांना हवं तिथे राहू दिलं गेलं. पालकांनी मात्र धडाधड मुलं शाळेतून काढली, वर्ग ओस पडले.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनरी रॉबर्ट नेसबिट यांच्या घरी राहायला गेला होता. श्रीपत होता बारा वर्षांच्या आसपासचा. आपल्या पाचवी-सहावीच्या वर्गातलं पोर! वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण गोष्ट इथे संपत नाही. त्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतलं होतं, म्हणून जातीने त्याला परत घ्यायचं की नाही यावर रान पेटलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या, या बाजूने उभे राहिले. त्यासाठी त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. मराठी पत्रकार दिनाला आपण बाळशास्त्रींना हार घालतो, तेव्हा ही गोष्टही मुलांना सांगा.

माझं मत विचाराल तर श्रीपतच्या बाबतीत कोर्ट बरोबर होतं. शिक्षकाचा मुलावर फार मोठा पगडा असतो. पाचवीतलं मूल माझ्यावर आईइतका विश्वास ठेवतं, मी सांगेन ते त्याला खरं वाटतं. तो विश्वास घराविरुद्ध वापरायचा नसतो, कारण कितीही चांगलं असो. आणि त्याच मापाने, घरी परतलेल्या पोराला दार लावणारे लोकही चुकलेच.

नारायण शेषाद्री मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिले. पाळक झाले. जालन्याजवळ निजामाच्या मुलखात जमीन मिळवून त्यांनी ‘बेथेल’ नावाची वसाहत वसवली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेलाही ते गेले होते. म्हणजे स्कॉटिश लोकांना जी मंडळी बाणकोटला जमली नाही, ती जालन्याला एका मराठी माणसाने उभी केली. मुंबईच्या मिशन शाळेत शिकलेले बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. विधवांच्या हालांवरची ही कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते.

आणि जोतीराव? ते १८४१ ते १८४७ पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत होते. बायबलचे धडे त्यांनीही ऐकले. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी थॉमस पेन वाचला, जो चर्चचाही कडक टीकाकार! १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज. सावित्रीबाईंनी नगरला अमेरिकन मिशनच्या फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये प्रशिक्षण घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा. आमच्या डी.एड.ची आजीच म्हणा ना. फळ्याजवळ उभं कसं राहायचं, वर्ग कसा हाताळायचा, हे शिकवण्यासाठी वेगळी शाळा लागते ही कल्पना आपल्याकडे रुजवण्यात या मंडळींचा वाटा आहे.

दक्षिणेत अमेरिकन प्रेसबिटेरियन आले. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला पोहोचले. डॉ. विल्यम वानलेस यांचं मिरजेचं रुग्णालय १८९४ चं. सांगली-मिरजेकडची मंडळी आजही ‘वानलेसवाडी’ म्हणतात, त्यातले वानलेस हेच.

तरी आपल्याकडे ‘प्रेसबिटेरियन’ नाव ऐकू का येत नाही? मिझोराममध्ये वेल्श मिशनऱ्यांमुळे ते घरोघरी आहे. महाराष्ट्रात मंडळ्या लहानच राहिल्या, वेगवेगळ्या पंथांचे लोक हळूहळू एकत्र आले आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात हे नाव विरघळलं. गंमत बघा, या एकत्र चर्चमध्ये बिशप असतात. बिशप नको म्हणणाऱ्या स्कॉटिश लोकांच्या मंडळ्या आज बिशपच्या हाताखाली आहेत.

मुलांना दाखवायचं असेल तर रविवारची भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडा आणि चर्नी रोडला उतरा. चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची १८८९ ची इमारत दिसेल. पुढे फोर्टात लायन गेटजवळ स्कॉटिश लोकांनी बांधलेलं सेंट अँड्र्यूज चर्च आहे. माहीमवरून जाताना बॉम्बे स्कॉटिश शाळेचा विषय काढा. जिथे प्रवेशासाठी पालक धडपडतात, ती १८४७ मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू झाली होती.

ग्रुपवरच्या त्या बाबांना मी हे थोडक्यात लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, “श्रीपतचं पुढे काय झालं?” उत्तनच्या मुलाला वर्गात वडील निवडण्याची पद्धत सांगितली, तर तो म्हणाला, “मग आमच्या वर्गाचा मॉनिटर पण आम्हीच निवडणार.” सोमवारी निवडणूक आहे.