मीठ, साखर आणि पाणी: जलसंजीवनीची शोधकथा

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्याचा जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब सुरू होतात आणि लागण जोराची असेल तर तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर पडते. डोळे खोल जातात, चिमटीत धरून सोडलेली कातडी तशीच उभी राहते, पायांत गोळे येतात, आवाज बसतो, नाडी हाताला लागेनाशी होते. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके पाणी गेले की रक्तदाब कोसळतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत राहत नाही, आणि जोराची लागण होऊनही उपचार न मिळालेल्यांपैकी निम्मे दगावू शकतात. इतक्या झपाट्याने माणसे जाताना पाहून महाराष्ट्रात या रोगाला मरीआईचा कोप मानले गेले आणि मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडण्याची रीत पडली, यात नवल नाही.

गेलेले पाणी आणि क्षार परत द्यावेत, ही कल्पना जुनी आहे. १८३१-३२ च्या साथीत विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून त्यातले पाणी आणि क्षार घटल्याचे दाखवले. हाच ओशॉनेसी पुढे भारतात आला आणि इथल्या तारायंत्राचा जनक ठरला. त्याच्या निष्कर्षाचा आधार घेऊन १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ गावी थॉमस लाटा याने मरणपंथाला लागलेल्या रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. काही जण उठून बसले. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी हा उपचार सुधारला आणि मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. आज आपण ज्याला सलाईन म्हणतो, त्याची ही सुरुवात.

पण सलाईनला निर्जंतुक बाटल्या लागतात, सुया लागतात आणि शीर शोधणारा सराईत हात लागतो. एकेका रोग्याला दहा-बारा लिटर द्यावे लागू शकते. पटकी पसरते ती नेमकी जिथे यातले काहीच नसते तिथे: पुराने वेढलेल्या गावात, झोपडवस्तीत, निर्वासितांच्या छावणीत. मग तोंडावाटे पाणी का पाजू नये? पाजून पाहिले होते. नुसत्या मिठाच्या पाण्याने जुलाब थांबत नसत, उलट वाढत. आतड्याचे अस्तर सोलवटून निघाले आहे, ते काहीच शोषू शकणार नाही, असा समज पक्का झाला होता. त्यामुळे ‘आतड्याला विश्रांती द्या’ असे सांगून डॉक्टर रोग्याला उपाशी ठेवत, आणि घरोघरीही जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडले जाई. तहानेने व्याकूळ झालेल्या मुलाला पाणी नाकारणारी ही समजूत किती जीव घेऊन गेली, याची मोजदाद नाही.

हा समज दोन बाजूंनी ढासळला. कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. आतडे पाण्याने टरारून फुगले. १९५९ साली त्यांनी दाखवून दिले की जंतू काढून टाकून नुसता गाळलेला द्रव घातला तरी हेच घडते. म्हणजे जंतू आतडे कुरतडत नाहीत. ते विष सोडतात आणि त्या विषाने पेशी पाणी ओतू लागतात. त्याच सुमारास बँकॉकमध्ये रोग्यांच्या आतड्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर अस्तर शाबूत होते.

दुसरी बाजू पटकीशी संबंध नसलेल्या संशोधनातून आली. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने आतडे साखर कशी शोषते, याचे स्पष्टीकरण मांडले. आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. साखर आत ओढून घेणे हे त्याचे काम. पण एकट्या साखरेला ते आत घेत नाही. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण असे एकत्र आले तरच ते दोघांना मिळून आत सोडते. सोडियम आणि साखर आत गेली की त्यांच्यामागे पाणी आपोआप खेचले जाते. निरोगी माणसाच्या आतड्यात अन्नपाणी आणि पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो आणि मलावाटे त्यातला शंभर-दोनशे मिलिलिटरच बाहेर जातो, यावरून शोषणाच्या या यंत्रणेचा आवाका कळावा.

पटकीचे विष पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारी वाट उघडीच ठेवते. क्लोराइडमागे सोडियम जाते आणि दोघांमागे पाणी. नुसते मीठ शोषण्याची एक वाटही हे विष बंद पाडते. मिठाचे पाणी पाजून गुण का येत नव्हता, ते इथे उलगडते. मात्र साखरेच्या सोबतीने मीठ आत घेणारी वाट त्याला बंद करता येत नाही. जुलाब धोधो चालू असतानाही ती तितकीच चालते. जलसंजीवनीतली साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी घातलेली नाही. ती मिठाला आणि पाण्याला आत नेण्यासाठी आहे.

तिचे प्रमाण साधणे मात्र नाजूक काम. साखर किंवा मीठ जास्त झाले की द्रावण रक्तापेक्षा दाट होते आणि शरीरातलेच पाणी आतड्यात खेचून घेते. १९६२ साली अमेरिकी नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी फिलिपिन्समध्ये केलेल्या प्रयोगात असेच फार दाट द्रावण वापरले गेले, काही रोगी दगावले आणि प्रयोग थांबवावा लागला. त्याआधी, १९५३ साली, कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या १८६ रोग्यांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यांच्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हे का घडते याचा उलगडाही नव्हता. जगाने तिकडे लक्ष दिले नाही. पंधरा वर्षे वाया गेली.

१९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतल्या डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी मोजमाप काटेकोर ठेवले. रोग्याच्या अंगातून जेवढे पाणी जाईल तेवढेच ग्लुकोज-क्षारांचे पाणी तोंडावाटे द्यायचे. २९ रोग्यांवरच्या या चाचणीत सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. कलकत्त्यात नॅथॅनिएल पिअर्स आणि त्यांचे सहकारीही याच निष्कर्षाला पोचत होते. पण या चाचण्या रुग्णालयातल्या होत्या, प्रशिक्षित परिचारिकांच्या नजरेखालच्या. अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या नातेवाइकांच्या हाती हा उपचार द्यावा, असे म्हणायला कोणी धजत नव्हते.

ते धाडस १९७१ मध्ये परिस्थितीने करायला लावले. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात सुमारे एक कोटी माणसे भारतात आली आणि छावण्यांत पटकी पसरली. कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस जूनच्या अखेरीस सीमेजवळच्या बनगाव येथील रुग्णालयात पोचले. पटकीसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. फरशीवर, मलमूत्रात आणि उलट्यांत माणसे दाटीवाटीने पडली होती. सलाईन लावायचे तर त्यातच गुडघे टेकून बसावे लागे. काही दिवसांत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या.

महालनबीस यांनी तोंडावाटे द्यायच्या द्रावणावर सगळी भिस्त ठेवली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, असे प्रमाण ठरले. कलकत्त्याच्या केंद्रात सामान मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले जाई आणि गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली जात. बनगावात पिंपांमध्ये द्रावण कालवून ठेवत. नातेवाईक पेले भरून नेत आणि आपल्या माणसाला पाजत बसत. खर्च लिटरमागे ११ पैसे. लोकांचा विश्वास सलाईनवर होता, म्हणून या पाण्याला ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’ म्हटले गेले. दोन महिन्यांत तीन हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार झाले. आधी २० ते ३० टक्के रोगी दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. जवळ बसलेली आई किंवा बहीण हा उपचार करू शकते, हे बनगावने सिद्ध केले. मीठ-साखरेच्या शोषणाचा शोध मोठा खराच, पण या कथेचा खरा कळस बनगावच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेतील डॉ. धीमान बरुआ यांनी हे काम स्वतः पाहिले आणि पुढे रेटले. १९७८ च्या एका अग्रलेखात ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरवले. त्या काळी दरवर्षी पन्नास लाखांच्या आसपास मुले जुलाबांनी मरत. आता हा आकडा पाच लाखांच्या आत आहे. स्वच्छ पाणी, लसी आणि सुधारलेल्या पोषणाचाही यात वाटा आहे, पण जलसंजीवनीचा मोठा. २०२२ मध्ये महालनबीस यांचे निधन झाले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले.

द्रावणाचे सूत्रही बदलत गेले. २००२ पासून सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही कमी केलेले, पातळ सूत्र वापरले जाते. त्याने उलट्या आणि सलाईनची गरज आणखी घटली. आजच्या मोठ्या पाकिटातली २०.५ ग्रॅम पूड एक लिटर पाण्यासाठी असते: ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि खायच्या सोड्याऐवजी सायट्रेट, कारण त्याने पूड जास्त टिकते. २००४ पासून याच्या जोडीला झिंकही आले.

हे ज्ञान घराघरांत नेण्याचे सर्वांत मोठे काम बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने केले. १९८० ते १९९० या काळात तिच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी कसे कालवायचे, ते आयांना शिकवून आल्या. काही दिवसांनी आईला किती आठवते ते तपासले जाई आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. पगाराची ही रीत पुष्कळ सरकारी योजनांनी उचलावी अशी आहे.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे सहा मुलांनाच ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, मिळाले. बाकीच्यांना का नाही? २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक उपचारकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाकिटांचा तुटवडा आणि औषधविक्रीतला नफा ही कारणे किरकोळ निघाली. सर्वांत मोठे कारण असे, की लोकांना ओआरएस नको असते असे उपचारकांना वाटते. प्रत्यक्षात लोकांची ना नव्हती. दुसरीकडे भरमसाट साखरेची पेये ‘ओआरएस’ नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यांना ते नाव वापरायला मनाई केली.

पाकीट उघडले की सगळी पूड त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात एकदम घालावी. अर्धे पाकीट अंदाजाने वापरू नये. तयार पाणी २४ तासांत संपवावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे पोहे खायच्या लहान चमच्याने मोजून, घालावे. मीठ घातलेली भाताची पेजही चालते. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. मूल मलूल पडले, पिईनासे झाले किंवा मलात रक्त दिसले तर मात्र तडक दवाखाना गाठावा. तिथे सलाईन लागू शकते.

ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. घरात लहान मूल असेल तर दोन पाकिटे आजच आणून ठेवावीत.