सहकार्य निराळे, ऐक्य निराळे

आपल्या शिरगावाहून उत्तरेस डहाणू काही फार दूर नाही. तेथे अमेरिकेतील ब्रदरेन या लहानशा प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनने रुग्णालय काढले. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन, तर पुण्यास स्कॉटिश मिशन. एकाने दुसऱ्याच्या मुलखात शिरावयाचे नाही, असा बहुतेक मिशनांचा संकेत असे. त्यामुळे माणूस कोणत्या पंथाचा ख्रिस्ती व्हावयाचा, हे त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या तालुक्यावर ठरे! युरोपातली जुनी भांडणे आपण का वाहावी, असे येथल्यांस वाटू लागले, यात नवल ते काय? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १९१७ साली मिशनच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ मांडला.

आशियातील अनेक मंडळ्यांनी १९५९ साली क्वालालंपूर येथे एक परिषद स्थापिली. पण ते सहकार्य. तेथे ज्याचा बिशप त्याचा, ज्याची तिजोरी त्याची. ऐक्य म्हणजे एक चूल. दक्षिण हिंदुस्थानात ती १९४७ साली पेटली. उत्तरेस १९२९ पासून बोलणी चालली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा मंडळ्यांची मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. ब्रदरेन त्यांत होते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाजूस राहिले.

मोठी अडचण बाप्तिस्म्याची. अँग्लिकन लोक तान्ह्या मुलास बाप्तिस्मा देतात. ब्रदरेन जाणत्या माणसालाच, आणि तोही पाण्यात तीनदा बुडवून. तोड अशी निघाली की दोन्ही रीती मान्य. कुटुंबाने हवी ती पाळावी. पाळकांच्या अधिकाराचा प्रश्नही होताच. तो परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून, प्रार्थनेने सोडविला. शतकांचे वाद असे मिटले, हे मला मोठेच वाटते.

घोडे अडले ते जमिनीपाशी. गुजरातेतील ब्रदरेनांत काहींना विलीनीकरण मान्य नव्हते. वाद कोर्टात गेला आणि कित्येक वर्षे चालला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नुसत्या ठरावाने नोंदलेली संस्था विसर्जित होत नाही. तिची विश्वस्त मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही. म्हणजे १९७० साली एका प्रार्थनेत उभ्या राहिलेल्या माणसांची मुले त्रेचाळीस वर्षांनी वादी-प्रतिवादी म्हणून त्याच देवळांच्या किल्ल्या मागत होती.