महार रेजिमेंट : कोरेगाव ते बेळगाव

आवडती पलटण कोणती, असे आपल्या तरुणांना विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: महार रेजिमेंट. का आवडते, असे विचारले की मात्र गाडी 'आपले लोक शूर' एवढ्यावर थांबते. शूर तर सगळ्याच पलटणी असतात. या रेजिमेंटचे वेगळेपण असे, की शत्रूशी लढण्याआधी तिला सैन्यात शिरण्यासाठी लढावे लागले.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावात पेशव्यांच्या फौजेला रोखून धरणाऱ्या कंपनीच्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. 'नाक' ने संपणारी त्यांची नावे स्तंभावर आजही वाचता येतात. एवढे आपल्याला पाठ आहे. पुढचे कमी जणांना माहीत असते. १८९२ मध्ये इंग्रजांनीच महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जाती' ठरवून माणसे घ्यायचे धोरण आले, आणि ज्यांची नावे दगडावर कोरली होती त्यांच्याच नातवंडांना दार बंद झाले.

यात पगार आणि पेन्शन तर गेलेच, पण शाळाही गेली. पलटणीच्या छावणीत सैनिकांच्या मुलांना शिक्षण मिळे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार आणि पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. म्हणजे बंदीच्या आदल्याच वर्षीचा. ही तारीख बघून मी दर वेळी थबकतो.

बंदी उठावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो! १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, त्यामागे ही ताजी जखम होती. १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर आले, तिथे त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. पुढची कामठीला. सुरुवातीच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभच होता.

बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्यांनी पलटणीचे कौतुक कशाला करायचे, असे काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण इथे मला कौतुक वाटते ते बंदुकीपेक्षा पन्नास वर्षे चिकाटीने लिहिलेल्या अर्जांचे.

आज रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. नाव महार असले तरी तिच्यात देशभरातल्या सगळ्या समाजांचे जवान आहेत. अनेक पलटणींच्या युद्धघोषात देवदेवतांची नावे येतात. या रेजिमेंटचा घोष आहे 'बोलो हिंदुस्तान की जय'. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमधले. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी हल्ला केला, तेव्हा छातीत गोळी लागलेली असतानाही समोरच्याची रायफल हिसकावून लढणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे. मुंबईत जन्मलेले हे तमिळ अधिकारी. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.