गाठ कोणत्या बाटलीत?

मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन. आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, आणि अनेकदा तो खराही ठरतो. पण लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, हुबेहूब हेच सोंग घेतो. म्हणून तपासणीविना क्षयाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करणं हा अंधारातला नेम. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती घरोघरी आहे. मानेच्या गाठीत बारीक सुईने तसं घडणं अत्यंत दुर्मीळ. वाया गेलेले महिने मात्र महागात पडतात.

सुईतून सुट्या पेशी मिळतात, ग्रंथीची रचना दिसत नाही, त्यामुळे लिम्फोमाच्या संशयात बहुधा अख्खी गाठच काढतात. खरी गफलत पुढे होते: सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये बुडते. फॉर्मलिन पेशींची ठेवण टिकवतं, पण जंतू मारतं. मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, कशाचं करणार? एक तुकडा सलाइनमध्ये ठेवला, तर सीबीनॅट ही जनुकीय चाचणी काही तासांत क्षयजंतू शोधते, रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध चालेल का तेही सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली झील-नील्सन रंगात निळ्या पार्श्वभूमीवर लाल काडी, म्हणजे क्षयजंतू, दिसली तर उत्तमच. नाही दिसली, तरी क्षय नाही असं ठरत नाही, कारण गाठीत जंतू मोजकेच असतात.